दार कुठल्या झाडाचं

परभणीत, जिंतूर रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान.
शनिवारी साडेआठला शटर अर्धं खाली येतं
आणि मशीनच्या गरम पाठीवर मी नकाशा पसरतो.
तलाठी भरतीच्या वाया गेलेल्या प्रश्नपत्रिका,
त्यांच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काढलेलं भुयार.
तीन वळणं, शेवटी दार, दाराला कुलूप.
किल्ली पुढच्या महिन्यात सापडेल
असं मी ठरवलेलं.

सोंगट्या म्हणजे बाटल्यांची बुचं.
फासा मात्र खरा, वीस बाजूंचा,
एका कोपऱ्यावर तहसीनच्या धाकट्या भावाचे दात.

वैजनाथ मेडिकलवरून येतो, हाताला सिरपचा वास.
त्याचा योद्धा म्हणे नुसत्या नजरेनं मारतो.
मी म्हणालो, मार.
पण मेलेल्याची शेवटची नजर
दोन डाव तुझ्या डोळ्यात राहील.
आता तो डोळे जपून वापरतो.

दैवशाला नर्सिंगला आहे. तिची वैदीण
जखमेवर बोट ठेवून सांगते, कुणी केली.
ह्याला मी किंमत लावली नाही.
पुढं एका गावात तिनं बोट ठेवलं
आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी मी फार नाही म्हणायचो.
नियमात बसत नाही,
तहसीलच्या खिडकीतल्या बाबूगत.
मुंजाजी नावाचं एक पोरगं होतं,
त्याला सावलीत पैसे लपवायचे होते.
मी पुस्तक पुढं सरकवलं, दाखव कुठं लिहिलंय.
तो हसला. पुढच्या शनिवारी आला नाही.
अजून येतो कधी दुपारी, आधार कार्डाच्या दोन प्रती,
सुट्टे पैसे देतो
सावलीतून काढल्यासारखे.

तर तहसीन. वडलांचं फर्निचरचं काम.
तिनं कार्डावर एकच ओळ लिहिली:
कुठल्याही दाराला विचारता येतं,
तू कुठल्या झाडाचं?
वैजनाथ म्हणाला, ही काय शक्ती हाय का बे?
मी म्हणालो, असू दे.
मला वाटलं, ह्यानं काय बिघडणार.

गेल्या शनिवारी ते दारापाशी पोचले.
मागून येत होतं चार पायांचं, भुकेलं,
मी तीन रात्री जागून रचलेलं.
तिनं फासा टाकला. सतरा.
माझ्या कागदावर झाड नव्हतं,
'दार, जाड' एवढंच होतं.
तिघं माझ्याकडं बघायलेली.
बाभूळ, मी म्हणालो. दूधनेच्या काठची.
अंगावर सुगरणीची सात घरटी,
तोडली तेव्हा सहा रिकामी.
हे कुठून आलं, मला ठाऊक नाही.

तहसीननं विचारलं, वाळवून कापली का ओली?
फसलो हे कळलं, कसं ते कळलं नाही.
ओली.
मग आखडली असंल. चौकटीला फट असणार.
वैजनाथ, पातं घाल.

किल्लीचा महिना असा गेला.
आत शिरून तिनं दार लोटलं,
सगळ्यांच्या पखाली मागितल्या
आणि होतं नव्हतं ते पाणी लाकडावर ओतलं.
फुगू दे. त्याला पलीकडंच राहू दे.
लाकूड फुगायला रात्र लागते गं, मी म्हणालो.
माझ्यापेक्षा तिला ते जास्त माहीत.
म्हणाली, दाराला विचारते, घाई करशील का.

फासा उडाला तो थेट मशीनखाली.
मीच आडवा झालो, टॉर्च लावला,
धुळीत, एका जुन्या पिनेशेजारी
आकडा मी एकट्यानं पाहिला.
फुगलं, म्हणालो.

पलीकडं माझ्या तीन रात्री
दारावर नखं ओढत राहिल्या.
अलीकडं कोरड्या पखाली
आणि मी न काढलेलं भुयार.

आज चारला मुंजाजी आला. दोन प्रती.
शनिवारी साडेआठ, मी म्हणालो.
तो थांबला. सावलीचं काय?
आधी सांग, म्हणालो,
ढग आला की ते पैसे
जातात कुठं?